वृंदाचे वर्ष : ग्वाल्हेरचे समूहगायन आणि त्याचा हंगाम

गायकांच्या व्यावसायिक वृंदाचा ‘हंगाम’ म्हणजे वर्षातील ज्या महिन्यांत तो वृंद श्रोत्यांसमोर गातो ते महिने. आणि त्या महिन्यांत काय गायचे, कोणी गायचे, कोणत्या पट्टीत गायचे, त्यासाठी किती तालमी घ्यायच्या व खर्च कोठून भागवायचा, याचा आगाऊ केलेला विचार म्हणजे हंगामाचे नियोजन. युरोपातील वृंदांचा हंगाम साधारणपणे सप्टेंबरात सुरू होऊन जूनमध्ये संपतो, चेन्नईत मार्गळी महिन्याभोवती सगळे संगीत एकवटते, आणि मुंबईच्या नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्समध्ये २००६ साली उभा राहिलेला सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया वर्षातून दोन हंगाम करतो. हिंदुस्थानी संगीतात मात्र हंगामाचा विचार बहुधा एकट्या गायकाच्या तारखांपुरता होतो, कारण ही कला मुख्यतः एकल कलावंताची मानली गेली आहे. या समजाला ग्वाल्हेर हा ठळक अपवाद आहे, कारण तेथील तानसेन समारोहाच्या सभा मोठ्या नावाच्या गायकाने सुरू होत नाहीत. आधी शहरातील एखाद्या संगीत विद्यालयाचा वृंद ध्रुपद गातो, आणि मगच निमंत्रित कलावंत मंचावर येतात.

हे गायन थोडा वेळ चालते. श्रोते अजून स्थिरस्थावर होत असतात, पुष्कळांच्या लेखी ती केवळ मंगलाचरणाची प्रथा असते, आणि वर्तमानपत्रांच्या वृत्तांतात तिच्या वाट्याला एखादी ओळ येते. वस्तुतः त्या थोड्या मिनिटांमागे वर्षाचे नियोजन असावे लागते, आणि ते नसले तर पहिल्याच आवर्तनात उघडे पडते. ग्वाल्हेरजवळ वृंदगानाला लागणारे बहुतेक सगळे आहे: परंपरा, विद्यालये, स्वरलिपीत बांधलेल्या चिजा आणि दरवर्षी हमखास मिळणारा मंच. या सामग्रीकडे डिसेंबरपुरते न पाहता बाराही महिन्यांच्या हिशेबाने पाहिले, तर तिच्यातून काय उभे राहू शकते, याचा विचार येथे करायचा आहे.

वृंदगान ही पाश्चात्त्य संगीतातून आलेली कल्पना आहे, असा एक समज आढळतो आणि तो चुकीचा आहे. तेराव्या शतकात यादवांच्या देवगिरीत, सिंघण राजाच्या आश्रयाला असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ हा ग्रंथ रचला, आणि त्यात वृंदाची लक्षणे इतक्या नेमकेपणाने दिली आहेत की आजच्या संयोजकाने ती भिंतीवर लावून ठेवावीत. उत्तम वृंदात चार मुख्य गायक, आठ समगायक म्हणजे त्यांच्या बरोबरीने गाणारे, बारा गायिका, चार बासरीवादक आणि चार मृदंगवादक असावेत, असे त्याने सांगितले आहे. म्हणजे बत्तीस जण, आणि त्यांत कंठ चोवीस. याहून लहान अशा मध्यम आणि कनिष्ठ वृंदांची प्रमाणेही त्याने दिली आहेत. संख्येपेक्षा मोलाचे आहेत ते त्याने सांगितलेले वृंदाचे सहा गुण: मुख्य गायकाच्या मागे जाणे, एकमेकांत मिळून जाणे, ताल व लय यांना धरून राहणे, एकाचा खंड पडला तर दुसऱ्याने तो भरून काढणे, मंद्र-मध्य-तार या तिन्ही सप्तकांत पोहोचण्याची ताकद असणे, आणि सर्वांच्या आवाजाची जात सारखी असणे. वृंदासाठी माणसे निवडताना, त्यांची तालीम घेताना आणि त्यांच्यासाठी बंदिशी ठरवताना आजही या सहा गोष्टींच्या बाहेर फारसे काही उरत नाही. मराठी मुलखात लिहिल्या गेलेल्या या ग्रंथाचा हा भाग मराठी वाचकांच्या ओळखीचा असू नये, याची खंत वाटते.

ग्वाल्हेरशी मराठी माणसाचे नाते केवळ शिंद्यांच्या राज्यापुरते नाही. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली किल्ल्याच्या पायथ्याशी आपली छावणी कायम केली, तिचेच ‘लष्कर’ हे शहर झाले, आणि त्या दरबाराच्या आश्रयाने नत्थन पीरबख्श यांचे नातू हद्दू खाँ, हस्सू खाँ आणि नत्थू खाँ यांनी ख्यालगायकीला जे रूप दिले त्याला आज ग्वाल्हेर घराणे म्हणतात. या खाँसाहेबांच्या परंपरेतून वासुदेवबुवा जोशी तयार झाले, वासुदेवबुवांकडून बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांनी (१८४९–१९२६) ती विद्या महाराष्ट्रात आणली, आणि बाळकृष्णबुवांचे शिष्य विष्णु दिगंबर पलुस्कर यांनी ५ मे १९०१ रोजी लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढून तिला वर्गात बसवले. वर्ग ही गोष्ट येथे महत्त्वाची आहे. गुरूसमोर एकटा बसलेला शिष्य गुरूच्या गळ्याची नक्कल करतो, त्याच्या हरकतीही उचलतो. पण वीस मुलांना एकच बंदिश शिकवायची तर तिचा एक ठाम आराखडा ठरवावाच लागतो, आणि तो एकदा ठरला की समूहगायनाची वाट आपोआप मोकळी होते.

खुद्द ग्वाल्हेरमध्ये ही वाट चार वर्षांच्या अंतराने दोन ठिकाणी उघडली. शंकरराव पंडितांचे पुत्र कृष्णराव शंकर पंडित यांनी १९१४ साली शंकर गांधर्व महाविद्यालयाची स्थापना केली, आणि जानेवारी १९१८ मध्ये पंडित विष्णु नारायण भातखंडे यांच्या मार्गदर्शनाखाली माधवराव शिंद्यांच्या राज्यात माधव संगीत महाविद्यालय सुरू झाले. महाराजांनी आपल्याकडच्या निवडक गायकांना भातखंड्यांची पद्धती शिकण्यासाठी मुंबईला पाठवले होते, त्यांत राजाभैया पूंछवाले होते. ख्यालाची तालीम त्यांना शंकरराव पंडितांकडून मिळालेली होती आणि पुढे माधव महाविद्यालयाची धुरा त्यांनी सांभाळली. त्यामुळे ही दोन विद्यालये वेगळ्या वळणाची असली, तरी त्यांच्या मुळाशी एकाच घराण्याचे पाणी आहे.

भातखंड्यांची स्वरलिपी वृंदासाठी का उपयोगी पडते, हे थोडक्यात सांगायला हवे. तिच्यात कोमल स्वराखाली आडवी रेघ, तीव्र मध्यमावर उभी रेघ, मंद्र स्वराखाली व तार स्वरावर बिंदू, समेला गुणाकाराचे चिन्ह आणि खालीला शून्य अशी साधी योजना आहे. बंदिशीचे कोणते अक्षर कोणत्या मात्रेवर पडते, हे अशा कागदावर डोळ्यांना दिसते, आणि मग पंधरा गायकांपैकी दोघे ते अक्षर अर्धी मात्रा उशिरा टाकत असतील तर वाद न घालता चूक दाखवता येते. स्वरलिपीने रागाचा जीव कागदावर उतरत नाही, ही तक्रार खरी आहे. पण ती एकल गायकाची तक्रार आहे. वृंदाला आधी एकत्र उभे राहायचे असते, आणि त्यासाठी कागदासारखा दुसरा आधार नाही.

तानसेन समारोहाची सुरुवात १९२४ साली माधवराव शिंद्यांच्या काळात उर्साच्या रूपाने झाली आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्याचा शंभरावा सोहळा झाला. हजिरा भागात सूफी संत मुहम्मद गौस यांच्या भव्य मकबऱ्याशेजारी तानसेनाची साधी समाधी आहे, तेथे पहिल्या दिवशी सकाळी सनई वाजते, ढोलीबुवा महाराजांच्या मठाच्या परंपरेतील हरिकथा होते, मिलाद होते, चादर चढवली जाते, आणि मग सभांना प्रारंभ होतो. हरिकथा आणि मिलाद एकाच सकाळी, एकाच समाधीसमोर होणे ही या समारोहाची सर्वांत सुंदर गोष्ट आहे, आणि त्यातील नारदीय कीर्तनाचा धागा सरळ मराठी परंपरेशी जुळतो. समारोहाचे आयोजन मध्य प्रदेश शासनाच्या संस्कृती विभागाच्या उस्ताद अलाउद्दीन खाँ संगीत एवं कला अकादमीकडे असते. सकाळच्या व सायंकाळच्या सभा काही दिवस चालतात, एक सभा तानसेनाच्या जन्मगावी बेहटला आणि शेवटची गुजरी महालात होते. यातल्या सभांचे दार उघडण्याचे काम शहरातल्या विद्यालयांचे वृंद करतात: माधव आणि शंकर गांधर्व ही जुनी विद्यालये, २००८ साली स्थापन झालेले राजा मानसिंह तोमर संगीत एवं कला विश्वविद्यालय, ध्रुपद केंद्र आणि अन्य काही संस्था.

नियोजनाची पहिली अडचण तारखेची असते. समारोह डिसेंबरात होतो हे ठरलेले असले, तरी २०२३ साली तो २४ ते २८ डिसेंबर असा झाला आणि २०२४ साली १५ ते १९ डिसेंबर असा. नऊ दिवसांचा हा फरक प्रेक्षकाला जाणवत नाही, पण तालमींचा हिशेब करणाऱ्याची झोप उडवतो. याच महिन्यात पुण्याचा सवाई गंधर्व महोत्सव असतो, जालंधरचे हरवल्लभ संमेलन असते, त्यामुळे पखवाजाच्या चांगल्या साथीदाराच्या तारखा पावसाळ्यातच बोलून ठेवाव्या लागतात. मग उलटी मोजणी सुरू होते. दिवाळीत विद्यार्थी गावी जातात, म्हणून खरी तालीम लक्ष्मीपूजनानंतरच सलग चालते. २०२३ साली लक्ष्मीपूजन १२ नोव्हेंबरला होते आणि समारोहापर्यंत बेचाळीस दिवस मिळाले. २०२४ साली दिवाळीही लवकर आली आणि समारोहही, म्हणून अंतर पुन्हा सहा आठवड्यांच्या आसपासच राहिले. आठवड्याला तीन तालमी धरल्या तर हाती येतात अठरा. त्यातल्या शेवटच्या दोन रंगीत तालमी, म्हणजे पोशाख, मंचावरची बैठक व ध्वनिवर्धक यांसह घेतलेल्या, आणि एखादी तरी आजारपणात किंवा धुक्यात बुडणार. उरलेल्या पंधरांत बंदिश शिकवता येणार नाही, फक्त घोटून घेता येईल. याचा अर्थ बंदिशीची निवड गणेशोत्सवापूर्वी व्हायला हवी आणि अनंत चतुर्दशी ते दिवाळी या काळात ती प्रत्येकाच्या तोंडी बसायला हवी.

निवडीत रागाच्या वेळेचा प्रश्न पहिला येतो. हिंदुस्थानी पद्धतीत दिवस-रात्रीचे आठ प्रहर मानतात, एक प्रहर तीन तासांचा, आणि रागांना त्यांतले प्रहर नेमून दिलेले आहेत. सकाळची सभा दहाच्या सुमारास सुरू होणार असेल, तर भैरव गाणे उशिराचे ठरते, कारण तो सूर्योदयाच्या वेळचा राग. दिवसाच्या दुसऱ्या प्रहरात तोडी, जौनपुरी किंवा अल्हैया बिलावल शोभतो. संध्याकाळची गोष्ट याहून अवघड आहे. श्री, मारवा, पूरिया हे संधिप्रकाश राग, म्हणजे दिवस-रात्रीच्या सीमेवर गायचे. डिसेंबरात ग्वाल्हेरला सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो आणि सभा बहुधा त्यानंतर उभी राहते, म्हणून श्रीचा मोह आवरून यमन किंवा भूपाली निवडणे शहाणपणाचे असते. त्यातही एक पेच राहतो. एका सभेत एकदा झालेला राग पुन्हा सहसा गात नाहीत, आणि निमंत्रित कलावंत काय गाणार हे पुष्कळदा त्या दिवशीच कळते. ज्येष्ठ गायकाच्या मनात यमन असताना वृंदाने आधीच यमन गाऊन टाकणे औचित्याला धरून होत नाही. यावर उपाय एकच, की प्रत्येक सभेसाठी दोन रागांतल्या दोन बंदिशी तयार ठेवाव्यात. दोन बंदिशी म्हटले की तालमींचा हिशेब पुन्हा बदलतो, आणि सहा आठवडे अपुरे पडू लागतात.

याहून कठीण प्रश्न पट्टीचा आहे, आणि वृंदगानाची बहुतेक फसगत येथेच होते. पुरुष गायक साधारणपणे काळी एकच्या आसपास षड्ज धरतात, स्त्रिया काळी चारच्या आसपास. पेटीवर मोजले तर पुरुषांचा पंचम तोच स्त्रियांचा षड्ज होतो. दोघांना एकत्र बसवून एका तंबोऱ्यावर गायला लावायचे, तर बहुधा मधली वाट म्हणून पांढरी तीन घेतात. ही पट्टी पुरुषांना तीन अर्धस्वर चढते आणि स्त्रियांना चार अर्धस्वर उतरते, म्हणजे दोघांनाही परकी. अशा पट्टीत बंदिश तार गांधारावर रेंगाळणारी असेल तर पुरुषांचा आवाज ताणतो, आणि मंद्र पंचमापर्यंत उतरणारी असेल तर स्त्रियांचा आवाज नाहीसा होतो. म्हणून अनुभवी शिक्षक रागाच्या आधी बंदिशीचा पल्ला पाहतो: ती मंद्र निषादाच्या फारशी खाली जाऊ नये आणि तार षड्जाच्या वर तिने मुक्काम करू नये. ध्रुपदाच्या रचनेत येथे एक सोय दडलेली आहे. ध्रुपदाचे स्थायी, अंतरा, संचारी आणि आभोग असे चार भाग असतात; स्थायी बहुधा मध्य सप्तकाच्या खालच्या अंगात फिरते आणि अंतरा तार षड्जाकडे झेपावतो. स्थायीचा भार पुरुषांनी घ्यावा, अंतरा स्त्रियांनी उचलावा, आणि मुखड्यावर दोघांनी एकत्र यावे, अशी वाटणी केली तर परकी पट्टीही आपली होते. स्त्री-पुरुषांच्या आवाजातला फरक झाकण्यापेक्षा त्याचा असा उपयोग करून घेणे, ही वृंदगानाची खरी रचना आहे आणि तिची दखल आजवर फार थोडी घेतली गेली आहे.

लयकारीची गोष्ट तर प्रत्यक्ष बोटांवर मोजून पाहावी अशी आहे. ध्रुपद बहुधा चौतालात बांधलेले असते. या तालाच्या बारा मात्रा, दोन-दोन मात्रांचे सहा विभाग, टाळ्या पहिल्या, पाचव्या, नवव्या आणि अकराव्या मात्रेवर, खाली तिसऱ्या आणि सातव्या मात्रेवर. बंदिशीची बारा मात्रांची एक ओळ दुप्पट लयीत, म्हणजे दुगुनीत गायली तर तिला सहा मात्रा लागतात, म्हणून समेवर येण्यासाठी ती सातव्या मात्रेपासून उचलावी लागते. तिगुनीत चार मात्रा लागतात, म्हणून नवव्या मात्रेपासून. चौगुनीत तीन, म्हणून दहाव्यापासून. आता या तिन्ही जागा हाताने पाहाव्यात. सातवी मात्रा खालीची आहे, हात उलटा पडतो, सगळ्यांना ती दिसते. नववी टाळीची आहे, ती ऐकू येते. दहाव्या मात्रेवर मात्र टाळीही नाही आणि खालीही नाही. ती विभागाच्या पोटातली मात्रा आहे, आणि नेमकी तेथूनच सगळ्यात वेगवान लय एकदम उचलायची असते. एकटा गायक ती मनातल्या मनात साधतो. पंधरा जणांनी ती एका श्वासात उचलायची, तर नवव्या मात्रेवरच्या टाळीनंतरचा अर्धा क्षण सर्वांच्या अंगात सारखा मुरलेला असावा लागतो. चौगुनीचे पहिले अक्षर चिरफाळले की वृंद कच्चा आहे हे जाणकाराला तत्काळ कळते, आणि ते एकसंध पडले की पखवाजियाच्या चेहऱ्यावर जो आनंद उमटतो त्याला तोड नाही. हंगामातल्या तालमींपैकी मोठा वाटा या एका जागेसाठी राखून ठेवावा, तो वाया जात नाही.

शार्ङ्गदेवाचा चौथा गुण, एकाचा खंड दुसऱ्याने भरून काढण्याचा, येथेच आठवतो. आलापातला लांब षड्ज सगळ्यांनी एकदम धरला आणि सगळ्यांनी एकदम श्वास घेतला, तर मध्येच भोक पडते. म्हणून शेजारी बसलेल्यांनी श्वासाच्या जागा आधीच वाटून घ्यायच्या असतात. एक थांबतो तेव्हा दुसरा धरून ठेवतो, आणि ऐकणाऱ्याला स्वराची अखंड धार ऐकू येते. वारकऱ्यांच्या भजनी मंडळांत पुढचे चरण सोडतात आणि मागचे झेलतात, त्यातही हीच युक्ती शतकानुशतके विनासायास चालत आली आहे. बसण्याची जागा म्हणूनच चेहरेपट्टीवर किंवा उंचीवर न ठरवता श्वासाच्या जोड्यांवर ठरवावी.

डिसेंबरातील हवाही नियोजनात धरावी लागते. ग्वाल्हेरची थंडी बोचरी असते, सकाळी धुके असते. गार हवेत तंबोऱ्याची तार आकसून स्वर चढतो आणि मंचावरच्या दिव्यांच्या उबेने तो पुन्हा उतरतो, तर दमट धुक्यात पखवाजाचे चामडे ढिले पडून त्याचा नाद बसतो आणि डाव्या पुड्यावरची कणीक पुन्हा जुळवून घ्यावी लागते. वाद्ये सभेच्या पुष्कळ आधी मंचावर नेऊन ठेवणे हा साधा उपाय आहे. गळ्यांची काळजी त्याहून जास्त घ्यावी लागते, कारण उघड्यावरच्या मांडवात तासभर गारठून बसलेल्या मुलांना अचानक आलाप लावायला सांगणे हा त्यांच्या कंठावर अन्याय आहे.

एवढे सगळे एका महिन्यासाठी केले आणि समारोह संपताच वृंद पांगला, तर पुढल्या वर्षी पुन्हा श्रीगणेशा करावा लागतो. विद्यालयांच्या वृंदांची ही मोठी व्यथा आहे: तीन-चार वर्षांत विद्यार्थी शिकून निघून जातात, आणि दहाव्या मात्रेचा तो अर्धा क्षण त्यांच्याबरोबर जातो. वर्षाचे उरलेले महिने याच ठिकाणी कामाला येतात. ऋतूंशी बांधलेल्या रागांची हिंदुस्थानी संगीतात कमतरता नाही. गुरुपौर्णिमेपासून पावसाळाभर मल्हाराचे प्रकार गाता येतात, त्यांतला मियाँ मल्हार तर परंपरेने तानसेनाचाच मानला जातो. लष्करातल्या मराठी वस्तीच्या गणेशोत्सवात छोट्या मैफली होऊ शकतात, आणि तेथे नव्या बंदिशीची पहिली परीक्षा घेता येते. वसंत पंचमीला बसंत आणि बहार, फाल्गुनात होरी-धमार. धमार हा चौदा मात्रांचा ताल आणि होळीची वर्णने करणारी त्यातली पदे, यांसाठी वृंदगानाइतका दुसरा देखणा प्रकार क्वचितच सापडेल. ग्वाल्हेर घराण्याकडे ध्रुपद-धमाराखेरीज तराणा, त्रिवट आणि चतुरंग यांचाही भरघोस साठा आहे. चतुरंगात पदाचे शब्द, सरगम, तराण्याचे बोल आणि पखवाजाचे बोल असे चार रंग एका रचनेत येतात, आणि चार गटांना चार रंग वाटून दिले तर ती रचना वृंदासाठीच केली असावी असे वाटते. एप्रिल-मे परीक्षांचे आणि कडक उन्हाचे. तेव्हा गळ्यांना विश्रांती द्यावी आणि शिक्षकांनी पुढच्या वर्षाच्या चिजा स्वरलिपीत लिहून काढाव्यात.

असा वर्षभराचा हंगाम विद्यार्थ्यांच्या हौसेवर चालत नाही, त्याला पगारी माणसे लागतात. याचा दाखला मध्य प्रदेशातच आहे. मैहरचे महाराज ब्रिजनाथ सिंह यांच्या आश्रयाने उस्ताद अलाउद्दीन खाँ यांनी १९१८च्या सुमारास अनाथ मुलांना हाताशी धरून वाद्यवृंद उभा केला. एक-एक वाद्य शिकवत त्यांनी त्या मुलांचे आयुष्य उभे केले, आणि शतक उलटले तरी मैहर वाद्यवृंद आजही वाजतो आहे, कारण त्याच्या वादकांना संस्थेचा आधार मिळत राहिला. ग्वाल्हेरच्याच परंपरेतला कंठसंगीताचा दाखला दिल्लीत सापडतो. पलुस्करांचे शिष्य विनायकराव पटवर्धन यांच्याकडे शिकलेले विनयचंद्र मौद्गल्य यांनी १९३९ साली दिल्लीत गांधर्व महाविद्यालय स्थापन केले, आणि तेथे वाढलेला गांधर्व कॉयर त्यांचे पुत्र मधुप मुद्गल यांच्या नेतृत्वाखाली नावारूपाला आला. ज्या घराण्याच्या शाखेला दिल्लीत वृंदगान साधले, त्याच्या मूळ गावी सामूहिक ध्रुपदाचा भार अजूनही मुख्यतः शिकाऊ मुलामुलींच्या खांद्यांवर असावा, हे बरे नाही.

अलीकडच्या वर्षांत ग्वाल्हेरने समूहवादनाचे मोठे सोहळे पाहिले आहेत. ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी युनेस्कोने या शहराची संगीताचे सर्जनशील शहर म्हणून निवड केली. त्याच डिसेंबरात किल्ल्यावर बाराशेहून अधिक तबलावादकांनी एकत्र वादन केले, आणि २०२४ साली ५४६ कलावंतांनी नऊ वाद्ये एकत्र वाजवून जागतिक विक्रम नोंदवला. शहराला त्याचा अभिमान वाटणे स्वाभाविक आहे. पण शेकडो जणांचा एक दिवसाचा मेळावा आणि चोवीस जणांचा बारमाही वृंद यांची जात वेगळी आहे. मेळाव्यात शार्ङ्गदेवाच्या सहा गुणांपैकी तालाला धरून राहण्याचा गुण साधला तरी पुरते. उरलेले गुण त्याच माणसांनी वर्षानुवर्षे शेजारी बसून गायल्याशिवाय अंगी येत नाहीत. विद्यालयांतून बाहेर पडणाऱ्या तयार गायक-गायिकांपैकी थोड्यांना जरी तीन-चार वर्षांच्या मानधनावर थांबवून घेता आले, तरी तो वृंद उभा राहील, नव्या विद्यार्थ्यांना त्यात बसून शिकता येईल, आणि समारोहाच्या सभांखेरीज महाराष्ट्रातल्या महोत्सवांतही ग्वाल्हेरचे ध्रुपद वृंदाच्या रूपाने ऐकायला मिळेल. बाळकृष्णबुवांनी जी विद्या एका गळ्यात साठवून इचलकरंजीला आणली, तिचे हे दुसरे रूप मराठी श्रोत्यांपर्यंत पोहोचायला हवे.

शहरापासून सुमारे ४५ किलोमीटरवर असलेल्या बेहटला झिलमिल नदीकाठी सभा होते तेव्हा वृंदाला बसमधून तंबोरे, पखवाज आणि शाली घेऊन पहाटेच निघावे लागते. तेथे मांडव लहान असतो, समोर गावकरी बसलेले असतात, आणि ज्या शिवमंदिराच्या झुकण्याची कथा तानसेनाच्या गायनाशी जोडली जाते ते हाकेच्या अंतरावर असते. तेथून परतल्यावर शेवटची सभा गुजरी महालात होते. राजा मानसिंह तोमराने, ज्याच्या दरबारात ध्रुपदाला राजमान्यता मिळाली, आपल्या मृगनयनी राणीसाठी तो महाल बांधला असे सांगतात. सभा संपते, तंबोऱ्यांवर गवसण्या चढतात, आणि वसंत पंचमी तेव्हा महिना-दीड महिन्यावर आलेली असते. चौतालाच्या बारा मात्रा बाजूला ठेवून धमाराच्या चौदा मात्रांची टाळी धरायला तेवढे दिवस जेमतेम पुरतात.